मिशी, पदर आणि मंच

दिवाळी सरली की बालाघाट जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा गावात बाजार भरतो, रात्री मंच उभा राहतो. सीमेपलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्यातही हेच चित्र. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात गेला. पण मंडई आणि तिच्या मंचावरचं लोकनाट्य खडी गंमत यांनी ती रेघ कधी मानली नाही.

खडी गंमतीत वादक उभ्यानेच साथ करतात. गण होतो, गवळण होते, सवालजवाब रंगतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे स्त्रीची भूमिका पुरुषच करतो. मिशी सफाचट, ओठांना लाली, अंगावर लुगडं, पायात घुंगरू. पदर सावरायची लकब जमली की समोर बसलेल्या बायकाही दाद देतात. मंडईचे दिवस संपले की तोच माणूस धानाच्या बांधीत राबताना दिसतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

रात्री मंचावर मिळालेली ही मोकळीक दिवसाउजेडी किती टिकते? पाश्चात्त्य रॉक संगीतातल्या वेषांतराबद्दलही गेली पन्नास वर्षं हाच प्रश्न विचारला जातो आहे.

१९७१ साली ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी याच्या ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ या अल्बमची ब्रिटिश आवृत्ती आली. मुखपृष्ठावर लांब केसांचा बोवी पायघोळ झग्यात पहुडलेला होता. अमेरिकेतल्या आवृत्तीवर मात्र वेगळंच चित्र होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर बोवीने हा झगा घालूनच मुलाखती दिल्या. पुढे जुलै १९७२ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर लालभडक केस आणि रंगीबेरंगी चुस्त पोशाखात गाताना त्याने गिटारवादक मिक रॉन्सन याच्या खांद्यावर हात टाकला. घराघरातल्या दिवाणखान्यात पोरं हे पाहत होती. पुढे नावारूपाला आलेल्या अनेक ब्रिटिश गायकांनी तो क्षण आपल्या आयुष्याला वळण देणारा म्हणून सांगितला आहे. दशकभराने आलेला गायक बॉय जॉर्ज त्याच वाटेचा वारकरी.

या साखळीतला एक दुवा थेट महाराष्ट्रातला आहे. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बुलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवू लागला. हाच पुढचा रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी. १९८४ सालच्या ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत तो गृहिणीच्या वेषात घरभर व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो. आखूड स्कर्ट, कानात डूल, आणि मिशी तशीच! ब्रिटनमध्ये लोकांना मजा वाटली, अमेरिकेत मात्र या चित्रफितीचं स्वागत थंडच झालं.

मराठी परंपरेपेक्षा रॉक वेगळं पडतं ते या मिशीपाशी. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झालेल्या अण्णा साळुंके यांनी ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७), यांनी तर रंगभूमीवर रुक्मिणी, भामिनी, सिंधू अशा नायिका इतक्या तन्मयतेने उभ्या केल्या की त्यांचे शालू, दागिने, केशरचना यांचं अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. स्त्रीने कसं दिसावं, हे एक पुरुष ठरवत होता आणि समाज ते कौतुकाने मान्य करत होता. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण या कौतुकाला एक अट होती. आतला पुरुष प्रेक्षकाने विसरायचा. पडदा पडला की नटाने पुरुषांच्या कपड्यांत परतायचं, म्हणजे कुणाच्या घरादाराला धक्का नाही. बोवी आणि मर्क्युरी यांनी ही अटच धुडकावली. एकाने झगा मंचाखालीही वापरला, दुसऱ्याने मिशी ठेवूनच स्कर्ट घातला. स्त्री आणि पुरुष एकाच देहात एकाच वेळी दिसत राहिले, आणि पाहणाऱ्याला विसरायची सोय उरली नाही.

अशी दोन्ही रूपं एकत्र दाखवणारं पात्र मराठीतही होतं, तमाशातला नाच्या. त्याच्या वाट्याला मात्र हशा आला. मराठी चित्रपटांतून नाच्या अजरामर करणारे गणपत पाटील यांना पडद्याबाहेरही लोकांचे टोमणे सोसावे लागले. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीत आणि २०१० साली आलेल्या तिच्यावरच्या चित्रपटात हेच दुःख आहे. कलेसाठी नाच्या झालेल्या गुणाच्या पुरुषपणावरच गाव शंका घेतं. बालगंधर्वांच्या रसिकांचा आणि नाच्याला हसणाऱ्यांचा समाज एकच होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून पोशाखाने समाज बदलला, असं सरसकट म्हणता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधले खासगी समलिंगी संबंध १९६७ साली गुन्ह्याच्या कक्षेतून अंशतः बाहेर आले. बोवीचा झगा त्यानंतरचा. आणि बॉय जॉर्जची गाणी घरोघरी पोचल्यावरही १९८८ साली तिथल्या सरकारने शाळा आणि स्थानिक संस्थांमधून समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’ला बंदी करणारं कलम २८ आणलंच. रॉकने एकेकट्या पोरांना आपल्यासारखं कुणीतरी जगात आहे हा धीर दिला. हे काम लहान नव्हतं, पण हक्क मिळवायला लोकांना लढावंच लागलं.

आपल्याकडे हक्कांच्या दिशेने पडलेली पावलंही अशीच तपासायला हवीत. मध्य प्रदेशातल्या सोहागपूर मतदारसंघाने शबनम मौसी यांना विधानसभेवर निवडून दिलं, आणि देशाला पहिली तृतीयपंथी आमदार मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी ही स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले.

बोवी आणि मर्क्युरी यांच्यावर इंग्रजीत कपाटभर पुस्तकं आहेत. बालगंधर्वांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं, २०११ साली चित्रपटही आला. वैनगंगेच्या खोऱ्यात लुगडं नेसून उभं राहिलेल्या खडी गंमतीच्या कलावंतांच्या वाट्याला त्याचा शतांशही आलेला नाही. कुणी हौसेने नाचलं, कुणी पोटासाठी, आणि कुणाला त्या लुगड्यातच आपलं खरं रूप गवसलं असेल. त्यांना घरचे काय म्हणाले, लग्नं जुळताना काय झालं, मंडईत टाळ्या देणारे पाटील दुसऱ्या दिवशी चावडीवर कसे वागले, हे त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यायला हवं. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांनी आणि नाट्यसंस्थांनी हे काम जुने कलावंत हयात आहेत तोवर हाती घ्यावं.