बाळाला घेऊन भट्टीवर निघण्याआधी

भात झोडून झालं, दिवाळी सरली, की पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर बांधाबांध सुरू होते. कुणी कर्जत-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जातं, कुणी कोळशाच्या भट्टीवर थेट कर्नाटकात. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. घरात अंगावर पिणारं बाळ असेल, तर त्याचं बसणं, रांगणं, पहिला घास, सगळं भट्टीवरच होणार. म्हणून आज आम्ही गटातल्या बायका निघण्याआधीच्या तयारीबद्दल बोलणार आहोत.

पहिली गोष्ट उचलीची. मुकादम उचल देतो ती जोडीच्या हिशोबाने, आणि मजुरी मिळते हजार विटांमागे. समजा, तुम्ही दोघं मिळून दिवसाला हजार विटा पाडता. बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजायला उठलात, ते आजारी पडलं, तर त्याच हजाराच्या सातशे होतात. उचल मात्र पुऱ्या हजाराच्या भरवशावर घेतलेली असते. हंगाम संपला तरी ती फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे जावं लागतं. म्हणून बाळ लहान असेल त्या वर्षी उचल कमीच घ्या. सणाची किंवा दवाखान्याची नड असेल, तर आधी गटाच्या अंतर्गत कर्जाचा विचार करा. उचलीची रक्कम, तारीख, हजारी दर, भट्टीचं गाव आणि मुकादमाचा फोन नंबर एका वहीत लिहा. एक प्रत गटाकडे ठेवा. अंगठा देण्याआधी घरच्या बाईलाही रक्कम माहीत हवी, कारण फेडायला तिचेही हात लागतात. आणि हे लक्षात असू द्या, की कर्जापोटी माणसाला अडकवून ठेवणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तसं झालं तर तहसीलदाराकडे तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट लसीची. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी लागोपाठ असतात. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. निघण्याआधी आशाताईंना कार्ड दाखवा आणि पुढच्या तारखा लिहून घ्या. माता व बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाला टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवा. लस कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. एखादी तारीख चुकली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे देतात. त्यामुळे उशीर झाला तरी जा.

तिसरी गोष्ट रेशनची. आपलं कार्ड आता दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही चालतं. कार्डाचा नंबर सांगायचा, आधार आणि अंगठा द्यायचा. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य असतं, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो. सासूबाई वाडीवरच राहणार असतील, तर थोडं धान्य तिकडे आणि उरलेलं इकडे, असंही उचलता येतं. बाळाचं नाव कार्डावर चढवायला जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. घरी बाळंतपण झालं असलं तरीही करायची. पाच वर्षांखालच्या बाळाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं.

चौथी गोष्ट अंगणवाडीची. जाणार असल्याचं सेविकेला सांगा. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करता येते, म्हणजे भट्टीजवळच्या अंगणवाडीत बाळाचा आहार आणि वजन चालू राहतं. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र कुठे आहे ते विचारून घ्या.

भट्टीवर बाळाची झोळी धुराच्या दिशेला बांधू नका, वारा कुठून येतो ते बघून बांधा. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वर पाणीही नाही. त्यानंतर दूध चालू ठेवून घट्ट वरण-भात, नाचणीची खीर, उकडलेलं अंडं. सहा महिन्यांवरच्या बाळाला पाणी उकळून गार केलेलंच द्या. जुलाब लागले तर दूध तोडू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात कालवायची, आणि झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या. पुड्या आणि गोळ्या आशाताईंकडून आधीच मागून घ्या, बाळाच्या वयाला किती द्यायच्या तेही विचारा. बाळ मलूल पडलं, दूध ओढेना, तर वाट न बघता 108 ला फोन करा.

शेवटची गोष्ट मोठ्या मुलीची. बाळ सांभाळायला म्हणून तिला शाळेतून काढून नेतात. एक हंगाम म्हणता म्हणता तिची शाळा कायमची सुटते. आजी-मावशीकडे ती राहू शकत असेल तर ठेवा. न्यावंच लागलं तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत तिला बसता येईल. आणि बाळासाठी भट्टीवरच्या दोन-तीन आया मिळून पाळी लावा. एकीने सांभाळायचं, बाकीच्यांनी विटा पाडायच्या.

गटांना आमची एक विनंती आहे. गेलेल्या बाईचं नाव वहीतून काढू नका. तिची बचत फोनवरून घ्या, नाहीतर परत आल्यावर एकदम घ्या. महिन्यातून एकदा तिला फोन करा आणि विचारा, बाळाची लस झाली का, रेशन मिळालं का, उचल किती फिटली. दूरच्या गावी तिच्या पाठीशी माहेरासारखं आपलंच कुणीतरी आहे, हे तिला आणि मुकादमालाही कळू द्या.