पालखीचे दोन दिवस आणि उरलेले वर्ष

ज्येष्ठ वद्य पक्षात आळंदीहून ज्ञानोबांची व देहूहून तुकोबांची पालखी पुण्यनगरीत येते. ज्ञानोबा भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात विसावतात. पालखीमार्गावरील वाहने तेव्हा अन्यत्र वळविली जातात आणि एरवी जीव मुठीत धरून ओलांडावा लागणारा रस्ता माणसांचा होतो. डोईवर तुळस घेतलेली माउली आणि आजोबांचे बोट धरलेले नातवंड रस्त्याच्या मधून निर्धास्त चालतात. नगराची थोडी गैरसोय होते खरी. पण तीविषयी कोणी कुरकुरत नाही.

कीर्तनसेवेनिमित्त या पेठांत आमचे येणेजाणे फार वर्षांचे. अलीकडे श्रोत्यांतील वृद्ध मंडळी एकेक करून दिसेनाशी होतात. चौकशी करावी तो प्रकृती ठीक असते, देऊळही हाकेच्या अंतरावर असते. मधला रस्ता तेवढा ओलांडवत नाही!

उपनगरातून कचेरीस येणाऱ्या मोटारीत बहुधा एकच गृहस्थ असतो. तो आत कामाला बसला की मोटार सायंकाळपर्यंत कडेला उभी. पेठांतील रस्ते वाड्यांच्या काळचे; कडेची जागा गेली की चालणारा चाकांपुढे येतो. रस्ते रुंद करा म्हणावे, तर रुंद रस्ता आणखी मोटारींना आवतण देतो.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी हे सांगितले आहे. नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री हे त्यात आहेत. आणि कोणी आक्षेप घेण्यापूर्वी आम्हीच सांगतो, वाहनस्थाचा उल्लेख प्रथम आहे. परंतु तेव्हा वाहने थोडी, चालणारे फार. आज पहिल्यानेच सारी वाट घेतली. बाकीच्यांना कोण देणार?

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने पादचारी दिन पाळला, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद होता. पुढेही हा दिवस पाळला गेला. पण वर्षातून एक दिवस म्हणजे देव्हाऱ्यातील देवाला वर्षातून एकदा स्नान घालणे! २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ, मंडईवरून स्वारगेटपर्यंत धावते. पिंपरीहून मंडईस येण्यास आता मोटार लागत नाही.

महिन्यात दोन एकादश्या येतात. उपनगरातील भाविक कुटुंबांनी त्या दिवशी मोटारीलाही उपास घडवावा, कचेरीस मेट्रोने वा बसने जावे. येत्या आषाढीस पुष्कळांचे पाय पंढरीत असतील; प्रारंभ त्यानंतरच्या कामिका एकादशीस करावा.