सहाशे वर्षांचं काम

'द शॉशँक रिडेम्प्शन' १४२ मिनिटांचा आहे आणि त्यातली गोष्ट १९४७ ते १९६७ अशी वीस वर्षं चालते. भागाकार केला तर पडद्यावरच्या एका सेकंदात तुरुंगातले सुमारे वीस तास निघून जातात. एवढ्या वेगात पळणारा सिनेमा बघताना मात्र दिवस सरता सरत नाही असं वाटतं. फ्रँक डॅराबाँट या दिग्दर्शकाची खरी करामत मला इथेच दिसते.

बायको आणि तिच्या प्रियकराच्या खुनाबद्दल दुहेरी जन्मठेप झालेला बँकवाला अँडी, आणि तुरुंगात हवी ती वस्तू मिळवून देणारा जुना कैदी रेड. एरवी हे दोघं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. अँडी पहिल्यांदा रेडकडे मागतो ती दगड घडवायची वीतभर हातोडी. ती बघून रेडला हसू येतं. हिने भिंत पोखरायची म्हणजे ६०० वर्षं हवीत! अँडी ते काम वीस वर्षांच्या आत उरकतो.

यात अशक्य किती, हे कागदावर मांडून बघू. भिंतीची जाडी मीटरभर आणि भोक दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर धरू. हे आकडे माझ्या अंदाजाचे. एवढ्या काँक्रीटचं वजन भरतं साधारण ८५० किलो. ते सतरा वर्षांच्या रात्रींत वाटलं तर रोजच्या वाट्याला येतात जेमतेम १४० ग्रॅम, म्हणजे वाटीभर शेंगदाणे. पँटच्या पायांतून तुरुंगाच्या आवारात सांडायला अगदी सोयीचे! भिंत जाड होती खरी, पण चिकाटीला सतरा वर्षं मिळाली की ८५० किलोचा आकडा अगदीच किरकोळ होतो.

तुरुंगातल्या ग्रंथालयाचीही तीच गत. पैशांसाठी अँडी सरकारला आठवड्याला एक पत्र लिहितो, सलग सहा वर्षं. ३१२ पत्रांनंतर हाती येतात २०० डॉलर आणि जुन्या पुस्तकांची खोकी. पत्रामागे ६४ सेंट पडले. दुसरा कुणी असता तर त्याने हात जोडले असते. हा गडी तिथून पुढे आठवड्याला दोन पत्रं लिहायला घेतो.

एक हिशेब मात्र सिनेमातच चुकलाय. अँडी सरपटत जातो ती सांडपाण्याची नळी ५०० यार्डांची, म्हणजे अर्ध्या मैलाला थोडी कमी, असं रेड सांगतो. ५०० यार्ड म्हणजे ४५७ मीटर आणि अर्धा मैल म्हणजे ८०५ मीटर. रेडचा 'थोडी कमी' साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो. मित्राच्या पराक्रमात एवढी भर कुणीही घालेल.

सिनेमाचं स्वतःचं गणित आधी साफ गडगडलं होतं. खर्च अडीच कोटी डॉलर. सप्टेंबर १९९४ मध्ये ३३ थिएटरांत लागला, ऑक्टोबरात ९४४ ठिकाणी पोचला आणि पहिल्या फेरीत गल्ला जमला दीड कोटीच्या थोडा वर. ऑस्करची सात नामांकनं, पुरस्कार शून्य. पुढच्या वर्षी भाड्याने मिळणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींनी त्याला घराघरांत नेलं, मग अमेरिकी केबल टीव्हीने तो पुन्हा पुन्हा दाखवला. आज आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळाच्या यादीत तो वर्षानुवर्षं पहिला आहे: ९.३ गुण आणि २७ लाखांहून जास्त मतं. ही साधी सरासरी मानली, तर नुसता ९.२ वर आणायला जवळपास ३३ हजार माणसांनी ठरवून दहापैकी एक गुण द्यावा लागेल. (आयएमडीबीची खरी पद्धत याहून गुंतागुंतीची आहे, त्यामुळे कुणी नादी लागू नये.)

चित्रीकरण झालं ओहायोतल्या मॅन्सफिल्डच्या बंद पडलेल्या तुरुंगात. तिथे सहा मजली पोलादी कोठड्यांची रांग आहे, जगातली आपल्या प्रकारची सर्वांत मोठी. पण तिथल्या कोठड्यांची तोंडं खिडक्यांकडे होती आणि दिग्दर्शकाला त्या समोरासमोर हव्या होत्या. म्हणून एवढा अवाढव्य तुरुंग हाताशी असताना कोठड्यांचा सेट शेजारच्या एका गोदामात उभारला गेला. अँडी आणि रेडच्या पहिल्या भेटीचं दृश्य घेताना रेड झालेले मॉर्गन फ्रीमन नऊ तास चेंडू फेकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी हात झोळीत अडकवून सेटवर आले.

या सगळ्यातला सर्वांत गमतीचा आकडा मूळ कथेच्या हक्कांचा. स्टीफन किंग यांना त्यासाठी ५,००० डॉलरचा चेक मिळाला होता. त्यांनी तो वटवलाच नाही. कालांतराने फ्रेम करून डॅराबाँट यांनाच परत पाठवला, सोबत चिठ्ठी जोडून: कधी जामिनाची वेळ आली, तर उपयोगी पडेल.