नदीचं डोहाळजेवण!

दोस्ता, एक कोडं घालू?

आभाळ निळंशार. ऊन नुसतं भाजतंय. पावसाचा पत्ता नाही. आणि तरी नदी दुथडी भरून वाहतेय! कसं काय?

थापा नाहीत हं या! ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तमिळनाडूतल्या तंजावूरला जा आणि कावेरी बघ.

ती जन्मते खूप लांब, कर्नाटकात कोडगूच्या डोंगरात. म्हणजे कुठे? अरे, आपल्याच सह्याद्रीत! जून-जुलैमध्ये तिथे पाऊस धो धो कोसळतो. ते पाणी पूर्वेकडे धावत सुटतं आणि शेकडो किलोमीटर पार करून तंजावूरच्या शेतांत शिरतं. तंजावूरचा स्वतःचा मोठा पाऊस यायचा असतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. पाऊस पडला एकाच्या गच्चीवर, आणि हौद भरला दुसऱ्याच्या अंगणातला!

(वाटेत मेट्टूरचं मोठं धरण आहे, १९३४ सालचं. शेतीसाठी तिथून पाणी सोडायची ठरलेली तारीख १२ जून. धरणात पाणी कमी असलं तर मात्र शेतकऱ्यांना वाट बघावी लागते.)

जगात पुष्कळ ठिकाणी जमीन जागी होते वसंतात, बर्फ वितळलं की. तंजावूरला बर्फ कुठलं? एप्रिल-मे महिन्यांत तिथे नदीच्या पात्रात वाळूच वाळू. पाणी आलं की पेरणी, आणि पेरणी आली की सण! म्हणजे तंजावूरचा खरा वसंत येतो ऑगस्टमध्ये. आहे की नाही गंमत?

त्या सणाचं नाव आडिप्पेरुक्कु. तमिळ पंचांगातल्या आडि महिन्याचा अठरावा दिवस. बहुतेक वेळा २ किंवा ३ ऑगस्ट.

आणि त्या दिवशी काय असतं, ओळख पाहू! नदीचं डोहाळजेवण!

हो, खरंच! पोटात बाळ असलेल्या ताईला किंवा काकूला आपण आवडीचं खाऊ घालतो ना? तंजावूरकर म्हणतात, कावेरीही आता आई होणार. तिच्या पोटी भाताची शेतं जन्मणार. मग तिला नको का डोहाळे लागायला?

म्हणून घरोघरी भात शिजतो. एक नाही, कितीतरी प्रकारचा! लिंबाचा पिवळाधमक भात. चिंचेचा आंबट भात. खोबऱ्याचा भात. दहीभात. गुळाचा गोड भात. डबे भरून सगळी मंडळी निघतात घाटावर. तंजावूरपासून साधारण १३ किलोमीटरवर तिरुवैयारु नावाचं गाव आहे, तिथल्या घाटावर तर ही गर्दी! बायका कावेरीला हळद-कुंकू वाहतात. फुलं आणि बांगड्या वाहतात. काळे मणी आणि ताडाच्या पानांची कर्णफुलंसुद्धा! नदीला दागिने! मग सगळ्यांची अंगतपंगत. मुलं चिमुकले लाकडी रथ दोरीनं ओढत गावभर हुंदडतात. मला विचारशील तर सगळ्यात मजा त्यांचीच.

पण थांब. खरी जादू तर पुढेच आहे.

सणाच्या आधी आठ-नऊ दिवस काही घरांत एक गुपित चालू असतं. मातीचं पसरट भांडं घेतात. त्यात माती आणि वाळलेल्या शेणाचा चुरा. वर भिजवलेलं धान्य. भात, मूग, चवळी, उडीद, असं नऊ प्रकारचं. आणि मग ते भांडं ठेवतात कुठे? उन्हात? छे! चक्क अंधाऱ्या खोलीत! रोज थोडं पाणी शिंपडायचं, बास.

याला म्हणतात मुळैप्पारी. सणाच्या दिवशी बाहेर काढतात तेव्हा बघत राहावं असं दृश्य! रोपं हिरवी नाहीत. फिकट पिवळी, लोण्यासारखी. आणि उंच किती! उन्हात वाढलेल्या भावंडांपेक्षा कितीतरी लांबुडकी!

अंधारात जास्त उंची? उलटंच की!

ऐक. बी म्हणजे भरलेला डबा. आत थोडासाच खाऊ. रोपात फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं, ते उजेड आहे का हे ओळखतं. उजेड नसला की रोपाला वाटतं, आपण अजून मातीखालीच! मग ते पानं पसरत नाही. हिरवा रंग बनवत नाही. डब्यातला सगळा खाऊ एकाच कामावर उधळतं: उंच हो, उंच हो, उजेड गाठ! मुगाच्या रोपाचा शेंडा तर आकड्यासारखा वाकलेला असतो, कोवळं टोक मातीत खरचटू नये म्हणून. काय हुशारी!

मुली ही भांडी मधोमध ठेवून टाळ्या वाजवत भोवती फेर धरतात. त्या नाचाला म्हणतात कुम्मी. मग भांडी डोक्यावर घेऊन मिरवणूक, आणि रोपं थेट नदीत!

एवढी वाढवलेली रोपं सोडून द्यायची? मलाही आधी हळहळ वाटली. पण बघ, लोक म्हणतात, मुळैप्पारी दाट आली तर पीक जोमदार येणार. घरातलं बियाणं उगवतंय की नाही, हे पेरणीआधीच कळलं की! ऑगस्टच्या सुमारास तिथे सांबा भाताची पेरणी असते. (सांबार नाही रे, सांबा!) सणाच्या पोटात दडलेली बियाण्याची परीक्षाच म्हण ना.

मुळैप्पारी मारिअम्मन देवीलाही वाहतात. तंजावूरजवळ पुन्नैनल्लूरला तिचं देऊळ आहे. ते कुणी बांधलं माहितीये? शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी, असं सांगतात! १६७० च्या दशकात तंजावूरची गादी त्यांच्याकडे आली. त्यांच्या मागोमाग आलेल्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलतात. आणि या देवळातली मूळ मूर्ती आहे मातीची, म्हणून तिच्यावर पाण्याचा अभिषेकच करत नाहीत!

अशी पिवळी रोपं आपल्याकडेही असतात की! नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात, आणि दसऱ्याला ते पिवळसर तुरे टोपीत नाहीतर केसांत खोवतात. आठवलं? आणि तिकडे लांब इराणमध्ये? मार्चमध्ये नवरोज येतो, खराखुरा वसंताचा सण. तिथेही ताटलीत गहू उगवतात, आणि तेराव्या दिवशी काय करतात, सांग बरं! वाहत्या पाण्यात सोडतात! प्राचीन ग्रीसमध्ये बायका असलीच रोपं भांड्यांत पेरून घराच्या छपरावर ठेवायच्या.

आता तुझी पाळी! दोन वाट्या घे. दोन्हींत ओली माती आणि सारखेच मूग. एक वाटी खिडकीत, दुसरी कपाटात. आठव्या दिवशी पट्टीनं मोज. कपाटातली वाटी मग दोन दिवस खिडकीत ठेव आणि पिवळ्या पानांचं काय होतं ते बघ.

आणि हो, कपाटात वाटी ठेवलीय हे आईला आधीच सांग हं. इस्त्रीच्या साडीवर चिखल सांडला, तर मी तुला ओळखत नाही!