खोल संकटातून उठलेले गीत

इंदूर येथील एका मराठी ख्रिस्ती घरात आम्ही एकदा सांत्वनासाठी गेलो होतो. घरातील वृद्ध आजी प्रभूकडे गेल्या होत्या. आजी कॅथलिक, परंतु त्यांची लेक प्रोटेस्टंट कुटुंबात दिलेली. त्यामुळे त्या रात्री शवाभोवती दोन्ही मंडळ्या जमल्या होत्या. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा आजींचे वृद्ध बंधू आपले जुने पुस्तक उघडून म्हणाले, “आता एकशे एकोणतिसावे स्तोत्र म्हणू या.” त्यावर व्याही नम्रपणे म्हणाले, “मामा, आपल्या मनात एकशे तिसावे असेल. मृतासाठी म्हणतात ते तेच.” दोघांनाही आपापल्या आकड्याची खात्री होती. क्षणभर खोलीत अवघड शांतता पसरली. मग आजींच्या नातीने दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली आणि हलकेच म्हटले, “आजोबा, दोन्हीकडे एकच प्रार्थना आहे.”

या आकड्यांच्या घोळाचे कारण साधे आहे. स्तोत्रांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात नववे व दहावे स्तोत्र जोडून एक केले होते. लॅटिन बायबलने तोच क्रम स्वीकारला आणि म्हणून पुढील बहुतेक स्तोत्रांचा आकडा एकाने मागे पडला. प्रोटेस्टंट बंधूंनी हिब्रू क्रम घेतला. आजच्या कॅथलिक बायबलांतही बहुधा हिब्रू क्रमच असतो. आकडा वेगळा असला, तरी हाक एकच. खोल संकटात बुडालेला मनुष्य देवाला हाक मारतो. आपल्या पापांचा हिशेब मांडला तर आपण उभे राहू शकणार नाही हे कबूल करतो. आणि रात्रीचा पहारेकरी पहाटेची वाट पाहतो त्याहून अधिक आतुरतेने देवाची वाट पाहतो.

आपल्या ख्रिस्तसभेत हे स्तोत्र लॅटिन भाषेतील पहिल्या दोन शब्दांवरून ‘दे प्रोफुंदिस’ या नावाने ओळखले जाते. सात पश्चात्ताप स्तोत्रांपैकी ते सहावे. मृतांसाठीच्या प्रार्थनेत त्याचे स्थान पुरातन आहे. नाताळच्या दिवशीच्या सायंप्रार्थनेतही हेच स्तोत्र म्हटले जाते, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. ज्या अंधारातून मनुष्य हाक मारतो, त्याच अंधारात प्रभू जन्मास आला, हा त्यातील भावार्थ.

आता व्याह्यांच्या परंपरेकडे वळू. मार्टिन ल्यूथर हे मुळात ऑगस्टिन संघाचे संन्यासी व धर्मगुरू. त्यांनी १५१७ साली सात पश्चात्ताप स्तोत्रांवर जर्मन भाषेत विवेचन प्रसिद्ध केले होते. पुढे ख्रिस्तसभेशी त्यांचा संबंध तुटला, आणि त्या फुटीचे दुःख आजही संपलेले नाही. १५२३ सालच्या अखेरीस त्यांनी आपले मित्र स्पालाटिन यांस पत्र लिहिले. स्तोत्रांवरून लोकांसाठी जर्मन गीते रचावीत, शब्द साधे व सर्वांस कळणारे असावेत, पण अर्थ स्तोत्राला धरून असावा, अशी त्यांची विनंती होती. नमुना म्हणून त्यांनी स्वतःची रचना पाठवली. तीच ‘आउस टीफर नोट’. या शब्दांचा अर्थ ‘खोल संकटातून’ असा होतो.

१५२४ साली आठ गीतांची एक लहानशी पुस्तिका निघाली, तीत हे गीत चार कडव्यांचे होते. त्याच वर्षी योहान वाल्टर यांनी गायकवृंदासाठी संग्रह काढला. त्यात दुसऱ्या कडव्याची दोन होऊन एकूण पाच कडवी झाली. देवाची कृपा हेच आपले एकमेव बळ, हा विचार त्या विस्ताराने अधिक ठसठशीत केला. फेब्रुवारी १५४६ मध्ये ल्यूथर यांचे शव आइस्लेबेनहून विटेनबर्गला नेले जात असताना वाटेत हाले या गावी जमलेल्या लोकांनी हेच गीत म्हटले. ज्याने ते इतरांसाठी रचले, त्याच्याच अंत्ययात्रेत ते गायिले गेले.

गीताची प्रसिद्ध चालही ल्यूथर यांचीच मानली जाते. आपल्या गायनाच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्याच शब्दांशी सूर पंचमावरून थेट खाली षड्जावर उतरतो आणि लगेच पुन्हा पंचमावर चढतो. जणू विहिरीच्या तळाशी पडलेला मनुष्य वर मान करून हाक मारीत आहे. या चालीचा जुना युरोपीय स्वरक्रम ‘फ्रिजियन’ नावाचा. त्यात ऋषभ, गांधार, धैवत व निषाद हे चारही सूर कोमल आहेत. आमच्या संगीतप्रेमी वाचकांनी ओळखले असेलच: हे तर आपल्या भैरवी थाटाचे सूर! राग वेगळा, गाण्याची रीत वेगळी; परंतु आपल्याकडे मैफल व कीर्तन ज्या सुरांनी संपते, तेच सूर त्या दूर देशात मनुष्याच्या अखेरच्या यात्रेला सोबत करीत होते.

पुढे मोठमोठ्या संगीतकारांनी ही चाल हाती घेतली. योहान सेबास्टियन बाख यांनी २९ ऑक्टोबर १७२४ रोजी लायप्झिग येथे या गीतावरील कँटाटा सादर केला. पहिले व शेवटचे कडवे त्यांनी ल्यूथर यांच्याच शब्दांत ठेवले, आणि गायकांच्या आवाजाला पितळी ट्रॉम्बोन वाद्यांची साथ दिली. १७३९ साली त्यांनी हीच चाल ऑर्गनसाठी मांडली. तीत एकाच वेळी सहा स्वतंत्र स्वरपंक्ती चालतात, आणि त्यांतील दोन वादकाला केवळ पायांनी वाजवाव्या लागतात! १८३० साली मेंडेल्सझोन यांनी चर्चसाठी तीन रचना केल्या. त्यांतील पहिली या गीतावर आहे, आणि तिच्या लगेच शेजारी ‘आवे मारिया’, म्हणजे आपली ‘नमो मरिया’. प्रोटेस्टंट संगीतकाराच्या एकाच संग्रहात ही दोन भावंडे शेजारी बसली आहेत.

आपल्या बाजूसही हे धन कमी नाही. म्यूनिखच्या दरबारातील कॅथलिक संगीतकार ऑर्लांडो दी लास्सो यांनी सोळाव्या शतकात सातही पश्चात्ताप स्तोत्रांना संगीत दिले. त्यात ‘दे प्रोफुंदिस’ आहेच. आणि आता तर भिंतच ओलांडली गेली आहे. जर्मन भाषिक कॅथलिकांच्या ‘गोटेसलोब’ या प्रार्थना व गीतसंग्रहात १९७५ साली ल्यूथर यांचे हे गीत समाविष्ट झाले, आणि २०१३ च्या नव्या आवृत्तीतही ते आहे. मनुष्याचे तारण देवाच्या कृपेने होते, याविषयी कॅथलिक व ल्यूथरन सभांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सर्व मतभेद मिटले असे नव्हे. पण या गीताचा गाभा दोघांनाही आपला म्हणता येतो.

मग आपण मराठी माणसांनी जर्मन चाल घोकावी काय? तसे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. ल्यूथर यांच्या त्या पत्रातून घेण्याचा धडा निराळा आहे: स्तोत्र लोकांच्या ओठांवर यावयाचे, तर ते लोकांच्या भाषेत व लोकांच्या सुरांत आले पाहिजे. आपल्याकडे हे काम जुने आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकातील राय्तूर येथे छापले. प्रोटेस्टंट बंधूंत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगांतून ख्रिस्तभक्ती गायिली.

आणि इंदूरचे ऋण तर विसरून चालणार नाही. १९३२ साली एस. व्ही. डी. संघाचे मिशनरी त्या भागात आले. त्यांत जर्मनभाषी फादर जॉर्ज प्रॉक्श होते. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या घराण्याने ज्या शहराचे नाव संगीतात अमर केले, त्या मुलखात हे परदेशी फादर हिंदी शिकले, येथील संगीत शिकले, आणि त्यांनी भारतीय सुरांत ख्रिस्ती भजने रचली. पुढे मुंबईत अंधेरी येथे त्यांनी ज्ञान आश्रम स्थापिला. आपल्या मायदेशाच्या चाली येथे रुजवाव्या असे त्यांस वाटले नाही. मिशनच्या मुलखांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली सांगितले. फादर प्रॉक्श यांचे पाऊल त्याआधीच त्या वाटेवर पडले होते.

त्या रात्री इंदूरच्या घरात काय झाले, ते सांगून लेख पुरा करू. मामांनी एक ओळ वाचावी, व्याह्यांनी दुसरी, असे ठरले. शब्दांत थोडा फरक होता, पण अडले कोणीच नाही. शेवटी एका तरुणाने पेटीवर भैरवीचे सूर धरले आणि दोन्हीकडच्या स्त्रियांनी आपणा सर्वांच्या माहितीतील साधे भजन म्हटले. पहाट होईपर्यंत कोणी आकड्याचा विषय काढला नाही.

वाचकहो, दोन नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावू, तेव्हा हे स्तोत्र घाईने उरकू नका. घरच्या मुलांना ते पाठ करवा. शेजारी प्रोटेस्टंट सोयरे उभे असतील, तर त्यांनाही संगती घ्या. पहाटेची वाट सारेच पाहत आहेत. ती एकत्र पाहिली, तर रात्र थोडी लवकर सरते.