गाडीचा घसा साफ करा, घरच्या घरी!

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडते? मग मंडळी, लगेच मोठ्या बिलाची तयारी करू नका. माझ्या गाडीची हीच रड सुरू झाली तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्यानं बॉनेट न उघडताच फर्मान काढलं, ‘थ्रॉटल बॉडी नवीन टाकावी लागेल.’ मी गाडी घरी आणली आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तोच पार्ट खोलला. आत होती नुसती काजळी!

थ्रॉटल बॉडी म्हणजे पेट्रोल इंजिनाचा घसा. एअर फिल्टरमधून आलेली हवा इथूनच आत जाते. ॲक्सिलरेटर दाबला की आतली गोल झडप उघडते. इंजिनातली तेलकट वाफ याच वाटेनं पुन्हा आत सोडलेली असते आणि झडपेच्या कडेला तिचा काळा थर जमतो. आयडलिंगला हवेला जेमतेम फट मिळते. तीच बुजली, की इंजिन अडखळणारच! स्क्रू पिळून ‘स्लो’ वाढवायचे दिवस कार्ब्युरेटरबरोबर गेले. साध्या मारुती ८००मध्येसुद्धा २००० साली फ्युएल इंजेक्शन आलं.

सामान फार नाही. पाने (बहुतेक वेळा १० नंबरचा), स्क्रू-ड्रायव्हर, थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे आणि मऊ सुती फडकं. आधी मोबाइलवर सगळ्या जोडण्यांचे फोटो काढा. इंजिन पूर्ण गार झालं, की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग हवेच्या रबरी पाइपचा क्लॅम्प ढिला करा, वायरचा सॉकेट सोडवा आणि शेवटी बोल्ट खोला. काही गाड्यांत कूलंटचे पाइपही इथे जोडलेले असतात. तसं असेल, तर पार्ट न काढता जागेवरच साफ केलेला बरा.

स्प्रे फडक्यावर मारून झडपेच्या दोन्ही बाजू आणि कडा पुसा. तारेचा ब्रश, पॉलिशपेपर अजिबात नको. केबलऐवजी मोटरवर चालणारी झडप बोटानं ढकलू नका. आतले गिअर तुटले, तर खरोखरच नवा पार्ट घ्यावा लागेल! स्प्रे पटकन पेट घेतो, त्यामुळे काम मोकळ्या हवेत करा आणि सिगारेट लांब ठेवा.

गॅस्केट फाटलं असेल तर नवं टाका. बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळा, पण जोर काढू नका. ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन जरा चढ्या आवाजात गुरगुरेल. एसी बंद ठेवून काही मिनिटं तसंच चालू द्या. आवाज उतरलाच नाही, तर मेकॅनिककडे स्कॅनर लावून सेटिंग करून घ्या. आणि हो, गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही खोलू नका.

सफाईनंतरही थरथर थांबली नाही, तर दोष स्पार्क प्लगमध्ये किंवा एखाद्या फुटक्या पाइपमध्ये असू शकतो. तेव्हा खुशाल गॅरेज गाठा. फक्त कुणी ‘पार्ट बदला’ म्हणालं, की शांतपणे एवढंच म्हणा, ‘आधी काढून दाखवा!’