वाफशाची वेळ

महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक यांच्या सीमा जिथे एकमेकींजवळ येतात, त्या नांदेड जिल्ह्यातील देगलूर परिसराचे शेतीवर्ष बारकाईने पाहिले, तर ऋतूंपासून कामाविषयी काय घेता येईल या प्रश्नाचे उत्तर सुविचारांपेक्षा पुष्कळ काटेकोर रूपात मिळते. कारण येथे ऋतूचा अंदाज चुकला, तर बियाणे, खत आणि मजुरी असे सगळेच मातीत जाते. ऋतू स्वतः कोणाला काही शिकवत नाहीत. जे शहाणपण त्यांच्या नावावर जमा होते, ते शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नुकसान सोसून कमावलेले आहे आणि म्हणूनच ते मोलाचे आहे.

सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो, म्हणून प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस टिकते. त्यातले मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि गावोगावी पेरणीची लगबग सुरू होते. तथापि नक्षत्र लागणे आणि जमीन तयार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. येथील काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून तिला खोल भेगा पडतात. पाऊस पडल्या पडल्या तिफण (तीन फणांचे पेरणीचे अवजार) घातली तर फणांना चिखल लडबडतो, आणि फार थांबले तर ओल उडून जाते. या दोहोंच्या मधली, मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असण्याची जी अवस्था, तिला वाफसा म्हणतात. मुठीत दाबून केलेला मातीचा गोळा बोटाच्या हलक्या दाबाने फुटला, की वाफसा आला असे जाणता शेतकरी ओळखतो.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे सांगत असते, त्याचे कारण स्पष्ट आहे: पहिल्या सरीने वरचा थर तेवढा भिजतो, त्या ओलीवर बी उगवते, आणि पुढे पावसाने ओढ दिली की कोवळे रोप करपून दुबार पेरणीची वेळ येते. नवा व्यवसाय, नवा अभ्यासक्रम किंवा नोकरीतील बदल हेही पुष्कळदा अशा पहिल्या सरीवरच सुरू होतात; मनाची उभारी खरी असते, पण तिच्याखाली पैशाची, कौशल्याची आणि सवडीची ओल किती खोल गेली आहे, हे तपासलेले नसते.

मात्र वाफसा फार दिवस टिकत नाही, आणि त्याचा लाभ ज्याने उन्हाळ्यात काम उरकले त्यालाच होतो. पीक निघाल्यावर नांगरलेली जमीन चैत्र-वैशाखात तापते, त्यामुळे किडींचे कोष उघडे पडतात आणि हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांच्या मुळ्या वाळतात; मग वखराच्या पाळ्या देऊन ढेकळे फोडली जातात. मे महिन्यात घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडतात, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात, आणि काही दिवसांनी ७० किंवा अधिक दाण्यांना सशक्त कोंब दिसले तरच ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरण्याजोगे मानतात. बाहेरून रिकामे दिसणारे हे महिने वर्षातील सर्वांत निर्णायक महिने आहेत, आणि ज्या कामाच्या जागी असा काळ कोणाला मिळतच नाही, तिथल्या माणसांकडून ऐन हंगामात चपळाईची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

थांबण्याचाही एक हंगाम असतो. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात प्रवास आवरून एका जागी श्रवण-अध्ययन करण्याची रीत जुनी आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या प्रवचनांसाठी ख्यातकीर्त झालेले धुंडामहाराज देगलूरकर ज्या वारकरी परंपरेतले, तिच्यात या चार महिन्यांचे महत्त्व मोठे आहे. त्याहूनही विलक्षण आहे ती मार्गशीर्ष अमावास्येची वेळा अमावास्या, जिला लातूर-नांदेडकडे येळवस म्हणतात. ज्वारी आणि हरभरा अजून रानात उभे असतात, हाती काहीच आलेले नसते, तरी कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण आप्तेष्टांना आग्रहाने वाढले जाते. पीक कापून झाल्यावरचा आनंद सर्वत्र असतो. काम अर्ध्यावर असताना ते कुटुंबासह डोळे भरून पाहण्याची ही रीत कार्यालयांनी आणि शाळांनीही उचलावी, इतकी थोर आहे.

पाऊस वेळेवर आलाच नाही, तर काय, हाही प्रश्न या व्यवस्थेने सोडलेला नाही. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला की मूग, उडीद किंवा कपाशीचा आग्रह धरू नये, त्याऐवजी तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी अशा पिकांकडे वळावे, असे आपत्कालीन पीक नियोजनात सांगितले जाते. म्हणजे उशीर झाला म्हणून रान पडीक ठेवत नाहीत आणि हुकलेले पीकही हट्टाने पेरत नाहीत. उरलेल्या दिवसांत जे पिकू शकेल, त्याचे बियाणे शोधायला शेतकरी त्याच आठवड्यात बाजार गाठतो.